लाकडापलीकडची टोपली

दिपुओने सरपणातलं एक वाळकं लाकूड ओढत आणलं, भावजयीच्या अंगणाच्या मधोमध आडवं टाकलं, पायाने सरळ केलं आणि त्याच्या पलीकडे चटई अंथरून बसली.

"हे ओलांडायचं नाही," ती म्हणाली. "तू तिकडे, मी इकडे. तोंड हवं तेवढं चालव, हात नाही."

"मी काय लहान आहे का, वन्सं?"

"लहान असतीस तर कानाखाली एक देऊन सांगितलं असतं. मोठी आहेस म्हणून लाकूड टाकावं लागलं."

सेगामेत्सी लाकडाच्या अलीकडे बसली. डोक्याच्या रुमालापासून पायघोळ झग्यापर्यंत ती काळ्यात होती. नवरा मोलेफी जाऊन चार महिने झाले होते, अजून आठ काढायचे होते. तोवर रस्त्याच्या कडेकडेने चालायचं, कुणाचा हात हातात घ्यायचा नाही, सूर्य बुडायच्या आत घरी यायचं. गुमारे गावात हे कुणी कुणाला शिकवत नाही. मृत्यूची धग अंगात असलेल्या बाईला लोक 'गरम' म्हणतात, आणि गरम बाईने बाळंतिणीच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नसतं. मोठ्यांचं काही बिघडत नाही, पण कोवळ्या जिवाला ती धग सोसत नाही.

आणि तिच्या लेकीला, केनेइल्वेला, नऊ दिवसांपूर्वी मुलगा झाला होता.

बाळंतपण आईकडे व्हायचं, पण आईचं घर पडलं दुखवट्याचं. म्हणून केनेइल्वे आत्याकडे होती, दिपुओच्या मागच्या खोलीत. तिथल्या दारातही असंच लाकूड आडवं टाकलेलं होतं. तीन महिने त्या दारातून दिपुओशिवाय कुणी आत जाणार नव्हतं. बाळाचा बाप ओतेंगसुद्धा नाही. तो बिचारा रोज संध्याकाळी बोरूच्या कुंपणाबाहेर येऊन खुंट्याला बांधलेल्या वासरासारखा उभा राहायचा आणि आतून बाळाचं रडणं ऐकू आलं की हसायचा.

सेगामेत्सीचं माहेर एत्शाचं, टोपल्या विणणाऱ्यांचं. तिच्या माहेरी लेकीला बाळ झालं की आईच्या हातची टोपली भरून पाठवायची रीत होती. बाळासाठी, बाळंतिणीसाठी आणि बापासाठी, तिघांसाठी काही ना काही त्यात असायचं. ही टोपली तिने मोलेफी धडधाकट असतानाच सुरू केली होती. त्या दिवसांत ती दिपुओकडे भिंती लिंपायला जायची, दुपारी तिथेच सावलीत विणत बसायची आणि टोपली तिथेच ठेवून यायची. मग एका सकाळी मोलेफी गोठ्यात कोसळला. टोपली दिपुओकडेच राहिली, अर्धी.

त्यामुळे ती वाचली. मृत्यूच्या घरातलं चिमूटभर मीठही बाळंतिणीकडे जायचं नव्हतं, हे दिपुओने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मोलेफीने नातवंडाला पाठीशी बांधायला म्हणून बोकडाचं कातडं हाताने चोळून चोळून मऊ केलं होतं. तेही खुंटीवरच राहिलं. पण अर्धी टोपली सेगामेत्सीच्या हातची असूनही मोलेफी जाण्याआधीची होती, निर्मळ होती. राहिलेली अर्धी दिपुओने इथे आणून, लाकडापलीकडे स्वतःच्या चटईवर विणायची आणि सेगामेत्सीने लाकडाच्या अलीकडून, हात न लावता सांगायचं, असं ठरलं.

ठरवणं सोपं होतं. दिपुओला गावभरच्या बातम्या गुंफता येत, टोपली नाही.

"टोचा इतका खाली नको, वन्सं. मागच्या फेराच्या पोटात घाला."

"घातला की."

"तो पोटात नाही, पाठीत गेला."

"टोपलीला पोट कुठलं आणि पाठ कुठली, हे तुम्हा एत्शावाल्यांनाच दिसतं! आणि ही नक्षी कसली म्हणायची?"

"बैलाच्या मुताची ओळ."

दिपुओने हातातली ताडाची पाती खाली ठेवली. "माझ्या भाचीच्या लेकाच्या टोपलीवर बैलाचं मूत?"

"बैल चालता चालता मुततो ना, ती नागमोडी ओळ धुळीत उठते, तशी. आमच्याकडे जुनी नक्षी आहे. मोलेफींनी मागितली होती. म्हणाले, नातवंडाला गुरांचा लळा लागेल."

"हं," दिपुओ म्हणाली. भावाचं नाव निघालं की तिच्या तोंडाचा पट्टा तेवढ्यापुरता थांबायचा. मग तिने पाती पुन्हा पाण्यात बुडवली. "माझ्या हातून तो बैल जरा लंगडतच मुतेल हो."

लंगडलाच तो. सेगामेत्सीच्या हातची ओळ तळापासून गुळगुळीत वर येत होती आणि अर्ध्यावर जिथे हात बदलला तिथे एकदम झोकांड्या खायला लागली. सेगामेत्सीच्या बोटांना अक्षरशः खाज सुटायची. ती बोटं मुठीत धरून मांडीखाली दाबायची आणि सांगत राहायची, डावीकडे, जरा ओढा, आता सैल. सात दिवस हे चाललं.

दिपुओला वाटत होतं, ही सगळी तडफड हौसेची आहे. आजी झालेल्या बाईची हौस. तिला खरं कारण माहीत नव्हतं. ते कुणालाच माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी केनेइल्वेला पहिली मुलगी झाली होती, सेगामेत्सीच्या याच घरात, तिच्याच हाताखाली. बाळ पाच दिवसांचं असताना एत्शाहून निरोप आला की सेगामेत्सीची लहानपणची मैत्रीण गेली. बाळंतिणीची सेवा करणाऱ्या बाईने दफनाला जायचंच नसतं. गेलीच तर कोरफडीच्या पाण्याने अंग धुवायचं आणि पुढचे कितीतरी दिवस त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. सेगामेत्सी घरात सांगून गेली की ताडाच्या पात्या आणायला जाते. गेली, मूठभर माती टाकली, रडली, आणि दुपारच्या ट्रकने परत आली. दारात पोचली तर आत बाळ टाहो फोडत होतं. तिने रांजणातल्या पाण्याने हात खळबळून धुतले, आत गेली आणि बाळाला घेतलं. तिच्या खांद्यावर बाळ निजलं.

तिसऱ्या दिवशी ते तापलं, धापा टाकायला लागलं. दवाखान्यातली नर्स म्हणाली, छातीत कफ भरलाय, उशिरा आणलंत. ते तिथेच गेलं.

नर्सचं खरं की गावाचं खरं, हे ज्याचं त्याने ठरवावं. सेगामेत्सीने केव्हाच ठरवून टाकलं होतं. ती कुणाला काही बोलली नाही, मोलेफीलासुद्धा नाही. मोलेफी गेला तेव्हा मातीसमोर बसून तिला पहिलं हेच आठवलं, की आता यांना सांगायचंही राहिलं.

त्यानंतर केनेइल्वे आईशी नीट वागायची, यायची, जायची, पण वरवरची. पूर्वीसारखी मांडीवर डोकं टाकून पडली नाही. या खेपेला दिवस गेल्याचंही तिने आत्याकरवी कळवलं. टोपलीचं दिपुओने विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बघू." त्या 'बघू'ने सेगामेत्सीची झोप उडवली होती. लेक टोपली घेईल की दारातून परत पाठवील? घेतली, तर आपल्या हातचं काहीतरी त्या खोलीत बाळाजवळ असेल, आणि तरी त्याला काही होणार नाही. मग कदाचित सेगामेत्सीला स्वतःकडे पाहता येईल. तिचा सगळा जीव त्या लंगड्या नक्षीच्या टोपलीत अडकला होता.

आठव्या दिवशी टोपली पुरी झाली, निदान दिपुओ तरी तसं म्हणाली. भरायला घेतली.

"खाली काय?" दिपुओने विचारलं. सगळं सामान तिच्या स्वतःच्या घरचं, नाही तर दुकानातलं, कोरं होतं.

"ज्वारीचं पीठ. आधी फडकं अंथरा. पेज आंबवून करायची, पहिल्या महिन्यात साखर घालू नका, ती मागेल तरी."

"ती मागेल आणि मी देईन. पुढे?"

"वाळवलेला चवळीचा पाला. तिला दुधाला बरा. मग साबण, व्हॅसलीनचा डबा. डबा कडेला नको, मध्ये ठेवा, नाही तर टोपली कलते. वर बाळाचं पांघरूण. घडी बाहेरच्या बाजूने नको हो, आतल्या बाजूने."

"घडीलाही पोट-पाठ आहे का?"

"बाळाच्या गालाला शिवण लागते."

दिपुओने न बोलता घडी उलटी केली. मग निळ्या-पांढऱ्या मण्यांची बाळाच्या कमरेची माळ पांघरुणावर ठेवली.

"आणि ओतेंगला?" सेगामेत्सी म्हणाली. "बापाला सगळे विसरतात."

"त्याला कशाला? त्याने काय केलं? नऊ महिने खाणीत होता, आता कुंपण झिजवतोय."

"भाजलेले भुईमूग ठेवा पुरचुंडीत. उभ्या उभ्या खाईल."

दिपुओ पहिल्यांदा मनापासून हसली. पुरचुंडी मात्र ती घरीच विसरली होती. "आणते," म्हणून उठली, गुडघ्यांना चार शिव्या दिल्या आणि गेली. टोपली लाकडापलीकडे चटईवर भरलेली राहिली.

सेगामेत्सी एकटीच तिच्याकडे बघत बसली. एवढ्यात शेजारची एक कोंबडी आली आणि पिठाचा वास घेऊन टोपलीच्या काठावर चढायला बघू लागली. "हुश्श!" कोंबडी हटेना. सेगामेत्सी काटकी घेऊन लाकडावरून वाकली आणि तिने कोंबडीला हाकललं. त्या वाकण्यात टोपलीचा काठ तिच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर आला. शेवटच्या पातीचं टोक वर आलं होतं. दिपुओने ते खोचलंच नव्हतं, नुसतं दाबलं होतं. अशी टोपली दोन महिन्यांत तिथून उसवायला लागते.

पुढचं तिने केलं नाही, तिच्या हातांनी केलं. चाळीस वर्षांची सवय. टोक चिमटीत धरलं, तोंडात घालून थुंकीने मऊ केलं, अंगठ्याने फट उघडली, टोक आत सारलं, वरून दाबलं. काठ गुळगुळीत झाला. तिला क्षणभर बरंसुद्धा वाटलं.

मग आपला हात लाकडाच्या पलीकडे आहे हे तिला दिसलं.

तिने हात मागे घेतला. अंगण रिकामं होतं. कोंबडीखेरीज कुणी पाहिलं नव्हतं. टोपली होती तशीच होती, उलट जास्त चांगली होती. तिच्या मनात आलं, एवढंसं टोक. एका टोकाने काय होतंय? आणि लगेच आठवलं की रांजणाजवळ हात धुताना अगदी हेच मनात आलं होतं, एकदाच घेतलं तर काय होतंय.

दिपुओ पुरचुंडी नाचवत आली. "घे, जावयाचा खाऊ! उचलते आता, ऊन उतरायच्या आत—"

"वन्सं, ती नेऊ नका."

"का गं?"

"मी हात लावला. टोक सुटलं होतं. तोंडात धरून खोचलं."

दिपुओने मागे वळून फाटकाकडे पाहिलं. "कुणी पाहिलं?"

"कुणी नाही."

"मग मला कशाला सांगितलंस? मी नेली असती. मला काय कळणार होतं?"

"मागच्या वेळी नव्हतं सांगितलं," सेगामेत्सी म्हणाली, आणि दोन वर्षं दाबून ठेवलेलं सगळं तिने लाकडाच्या अलीकडे बसून सांगितलं. एत्शाचा ट्रक, मूठभर माती, रांजण, खांद्यावर निजलेलं बाळ. ती रडली नाही. रडण्याचा हक्क आपल्याला नाही, असंच तिला दोन वर्षं वाटत आलं होतं.

दिपुओच्या तोंडापुढे गावचा मुखियासुद्धा टिकत नसे. शिव्या दिल्या असत्या तर सेगामेत्सीला सोसल्या असत्या. दिपुओने चटईवर फडकं पसरलं आणि एकेक वस्तू टोपलीतून काढली. पीठ, पाला, साबण, डबा. पांघरूण काढताना घडी मोडली, ती तिने पुन्हा आतल्या बाजूने घातली. सगळ्याचं गाठोडं बांधलं, डोक्यावर घेतलं आणि निघून गेली. रिकामी टोपली लाकडापलीकडे तशीच पडून राहिली.

ती रात्र आणि दुसरा दिवस सेगामेत्सीने कसा काढला, ते तिचं तिलाच ठाऊक. ऊन कलताना दिपुओ आली. अंगणात शिरली नाही, फाटकातूनच म्हणाली, "चल."

"कुठे?"

"माझ्या कुंपणाबाहेर. आतून नाही, बाहेरून. वारा तिकडून इकडे आहे. कुंपणातून येणाऱ्या आवाजाने कुणाचं काही बिघडत नाही, मी दोन म्हाताऱ्यांना विचारून आलेय."

"तुम्ही तिला सांगितलं?"

"सांगितलं. माझ्या पोटात राहतं का काही?"

सेगामेत्सी रस्त्याच्या कडेने चालत गेली. कुंपणाशी ओतेंग उभा होता, खिशात भुईमूग. सासूला बघून तो चार पावलं मागे सरला, मूठभर दाणे जमिनीवर एका पानावर ठेवले आणि म्हणाला, "खा, आई. आपण दोघंही बाहेरचेच." तिने ते दाणे उचलून रुमालाच्या टोकात बांधले.

बोरूच्या कुंपणापलीकडे खोलीची मागची खिडकी होती. आतून बाळाची कुरकुर ऐकू आली. मग केनेइल्वेचा आवाज.

"आई, आलीस?"

"आले."

"आत्याने सांगितलं."

सेगामेत्सीने कुंपणाचा बोरू धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"मला माहीत होतं," केनेइल्वे म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तू दफनाहून आलीस ते. तुझ्या चपलेच्या कडेला पांढरी माती होती. ताडाच्या रानात कुठली पांढरी माती? ती खोल खड्ड्यातूनच निघते. तू आत आलीस तेव्हाच पाहिलं मी."

"मग बोलली का नाहीस?" सेगामेत्सीने विचारलं. "अगं, ओरडायचं होतंस! हाकलायचं होतंस मला!"

ओतेंगचं चघळणं थांबलं.

"हाकललं असतं तर तू गेली असतीस," केनेइल्वे म्हणाली. "चार रात्री डोळा लागला नव्हता माझा. काय करावं कळत नव्हतं. मला आई हवी होती. म्हणून माती दिसूनही मीच पोर तुझ्या हातात दिली. तू घेतली नाहीस आई, मी दिली." तिला हुंदका आला. "दोन वर्षं तू काही बोलत नव्हतीस. मला वाटायचं, तुला कळलंय मी पाहिलं होतं ते, आणि तू मलाच दोष देतेस."

आता मात्र सेगामेत्सी रडली. कुंपणाला हात न लावता, काळ्या रुमालात तोंड घालून, भर रस्त्यात रडली. आत लेक रडत होती. त्या दोघींचं ऐकून बाळही टाहो फोडायला लागलं, आणि दिपुओ आतून ओरडली, "झालं! तिघंही एकदम सुरू झालात. आता पेज कुणाच्या नरड्यात घालू?"

रडणं थोडं ओसरल्यावर केनेइल्वेने विचारलं, "टोपली टाकून दिलीस का?"

"नाही. अंगणात आहे."

"टाकू नकोस. तिला झाकण कर. आता तुझाच हात लागलाय तिला, तर तूच कर. काळं उतरवशील त्या दिवशी घेऊन ये. तोवर हा बसायला लागलेला असेल. त्याला आपण त्यात बसवू."

"नक्षी बिघडलीय गं. अर्धी आत्याची आहे."

"राहू दे आत्याची."

सूर्य बुडायच्या आत सेगामेत्सी घरी आली. टोपली चटईवर तशीच होती. तिने लाकूड उचलून सरपणात टाकलं आणि टोपली मांडीवर घेतली. दिपुओचे वाकडे फेर उसवून पुन्हा घालायला तिला अर्धा दिवससुद्धा लागला नसता. तिने त्यांच्यावरून अंगठा फिरवला आणि ते तसेच ठेवले. मग पाण्यातून एक पाती काढली, टोक दातांत धरलं आणि झाकणाचं पहिलं वेटोळं घातलं.